काचेला पाच वर्षे, माणसाला सहा महिने

सप्टेंबर 2024 मध्ये दुर्ग–विशाखापट्टणम वंदे भारत एक्स्प्रेसची चाचणी फेरी सुरू असताना महासमुंद जिल्ह्यातील बागबाहरा येथे गाडीवर दगडफेक झाली. तीन डब्यांच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या, कोणीही जखमी झाले नाही आणि रेल्वे सुरक्षा दलाने पाच जणांना तातडीने अटक केली. रेल्वे कायद्याचे कलम 153 लावण्यात आले. प्रवाशांची सुरक्षितता धोक्यात आणल्याबद्दल त्यात पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. डिसेंबर 2022 मध्ये बिलासपूर–नागपूर वंदे भारत सुरू झाली, तेव्हाही उद्घाटनानंतर अवघ्या काही दिवसांत दुर्ग–भिलाई परिसरात तिच्यावर दगड पडला होता, आणि त्या वेळीही यंत्रणा अशीच चटकन हलली होती. ही तत्परता योग्यच होती. धावत्या गाडीवर दगड मारणे हा खोडसाळपणा नव्हे, जीवघेणा गुन्हा आहे.

रायपूरमध्ये बसून या बातम्या वाचताना माझ्या मनात मात्र एक वेगळीच तुलना येते. याच गाडीच्या आत, याच मार्गावर, तिकीट मागितले म्हणून एखाद्या तिकीट तपासनीसाच्या कानशिलात बसली, तर 1989 चा रेल्वे कायदा त्याविषयी काय म्हणतो? त्यासाठी कलम 146 आहे. रेल्वे कर्मचाऱ्याला कर्तव्य बजावताना हेतुपुरस्सर अडथळा आणल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मारहाण हा शब्द त्या कलमात नाहीच. दारात आडवे उभे राहणारा आणि हात उगारणारा, दोघेही एकाच शब्दात बसवले आहेत: अडथळा. विनाकारण साखळी ओढणाऱ्याला याच कायद्याच्या कलम 141 नुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. रेल्वेच्या मालमत्तेचे जाणूनबुजून नुकसान करणाऱ्याला कलम 151 नुसार पाच वर्षांपर्यंत. म्हणजे ज्या कायद्याच्या नावातच रेल्वे आहे, त्याच्या लेखी साखळी आणि काच यांची किंमत ती गाडी चालवणाऱ्या, तपासणाऱ्या, स्वच्छ ठेवणाऱ्या माणसापेक्षा अधिक आहे.

यावर रेल्वेतील अधिकारी एक उत्तर देतात आणि ते अंशतः खरे आहे. मारहाणीसाठी सर्वसाधारण फौजदारी कायदा आहेच, असे ते म्हणतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 132 नुसार लोकसेवकाला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी हल्ला करणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा, दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. इजा झाली असेल तर कलम 121 लागते. जुन्या दंड विधानात या गुन्ह्याला तीन वर्षे होती, आता पाच झाली. गंभीर दुखापत असेल तर किमान एक आणि कमाल दहा वर्षे. कागदावर ही शिक्षा कमी म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना येथे एक तपशील आठवेल. जुन्या दंड विधानाचे कलम 353 हे तेथे शासकीय कामात अडथळा आणण्याचे कलम म्हणून घरोघरी माहीत होते. महाराष्ट्राने राज्यापुरती दुरुस्ती करून त्याची शिक्षा दोनवरून पाच वर्षांवर नेली आणि ही दुरुस्ती 2018 मध्ये अमलात आली. पुढे त्या कलमाचा आधार घेऊन अधिकारी सामान्य नागरिकांना आणि कार्यकर्त्यांना अडकवतात, अशी ओरड विधिमंडळातही झाली. ती निराधार नव्हती. दंड विधानच रद्द झाले तेव्हा त्यावरील राज्याच्या दुरुस्तीचा आधारही गेला आणि नव्या संहितेत कलम 132 ची शिक्षा पुन्हा दोन वर्षे आहे. शिक्षा वाढवून हल्ले किती कमी झाले, हा प्रश्न त्या पाच-सहा वर्षांत कोणी गांभीर्याने विचारल्याचे मला आढळले नाही. शिक्षेचा आकडा हा आपल्याकडे बहुधा संतापाचे माप असतो, परिणामाचे नव्हे.

खरी अडचण कलमाच्या शिक्षेत नसून त्या कलमापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत आहे. ही वाट नागपूर–रायपूर मार्गावर जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच कोठे दिसत असेल. गोंदिया सोडल्यावर गाडी सालेकसा, दरेकसा ओलांडून जंगलातून छत्तीसगडमध्ये शिरते. पुढे बोरतलाव, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग आणि रायपूर. रेल्वेच्या दृष्टीने हा सारा मुलूख एकाच दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा आहे. तिचे मुख्यालय बिलासपूरला, आणि नागपूर, रायपूर व बिलासपूर हे तिचे तीन विभाग. राजनांदगाव छत्तीसगडमध्ये असूनही रेल्वेच्या नागपूर विभागात मोडते. पोलिसांचे तसे नाही. राज्यघटनेने पोलीस हा विषय राज्यांकडे दिला आणि त्यात रेल्वे पोलिसांचा स्पष्ट उल्लेख करून ठेवला. त्यामुळे दरेकशापर्यंत घडलेला गुन्हा महाराष्ट्राच्या लोहमार्ग पोलिसांचा आणि बोरतलावपासून पुढचा छत्तीसगडच्या शासकीय रेल्वे पोलिसांचा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या जीआरपीचा.

डब्यात किंवा फलाटावर जे जवान प्रथम भेटतात ते बहुधा रेल्वे सुरक्षा दलाचे, म्हणजे केंद्राचे. 2003 च्या दुरुस्तीने, जी 2004 पासून अमलात आली, त्यांना रेल्वे कायद्यातील बहुतेक गुन्ह्यांत अटक आणि चौकशीचे अधिकार मिळाले. ते कलम 146 लावू शकतात. संहितेचे कलम 132 किंवा 121 लावायचे असेल, तर मात्र प्रकरण राज्याच्या पोलिसांकडेच जावे लागते. परिणाम असा की, जो जवान घटनास्थळी आहे त्याच्या हातात सहा महिन्यांचे कलम आहे, आणि पाच वर्षांचे कलम ज्याच्या हातात आहे तो पुढच्या मोठ्या स्थानकावरच्या ठाण्यात बसला आहे.

रात्री अडीच वाजता शयनयान डब्यात मार खाल्लेल्या तपासनीसापुढे मग कोणते पर्याय उरतात? पुढच्या स्थानकावर उतरून फिर्याद द्यायची, तर त्याचे उरलेले डबे तपासणीविना जातात आणि त्याचा खुलासा त्यालाच द्यावा लागतो. न उतरता मुख्यालयी परतल्यावर फिर्याद द्यायची, तर तोवर आरोपी उतरून गेलेला असतो आणि साक्षीदारही आपापल्या घरी पोहोचलेले असतात. कोणत्याही ठाण्यात, हद्दीचा प्रश्न न काढता, फिर्याद नोंदवून घेण्याचे बंधन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 ने आता घातले आहे. तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, फक्त तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. ही सुधारणा रेल्वे कर्मचाऱ्यांसाठीच जणू केलेली आहे. पण तपासनीसाच्या हातात तिकिटे तपासण्याचे जे यंत्र रेल्वेने दिले आहे, त्यातून अशी तक्रार थेट ठाण्यात पोहोचावी हे पुढचे साधे पाऊल आहे, आणि त्याला कोणत्याही कायदादुरुस्तीची गरज नाही.

शिक्षा कडक असली की तक्रारी वाढतात, असा समज आहे. अनेकदा उलटे घडते. ऑगस्ट 2024 मध्ये मुंबईत चर्चगेट–विरार मार्गावरील वातानुकूलित लोकलमध्ये एका मुख्य तिकीट निरीक्षकाला प्रवाशाने मारहाण केली. चित्रफीत देशभर फिरली. गुन्हा नोंदवला गेला तर नोकरी जाईल, हे लक्षात आल्यावर त्या प्रवाशाने लेखी माफी मागितली, झटापटीत गहाळ झालेली रक्कम भरून दिली आणि प्रकरण तेथेच थांबले. कायद्याच्या दृष्टीने लोकसेवकावरील हल्ला हा तडजोडीस पात्र गुन्हाच नाही. एकदा फिर्याद दाखल झाली की फिर्यादीलाही ती मागे घेता येत नाही. म्हणूनच तडजोड फिर्यादीपूर्वी, ठाण्याच्या बाकावर होते. त्या निरीक्षकाने दाखवलेल्या उदारपणाला मी नावे ठेवणार नाही. एका तरुणाचे आयुष्य उद्ध्वस्त करण्याचे ओझे त्याला नको वाटले असेल. परंतु पाच वर्षांपर्यंतची अजामीनपात्र टांगती तलवार किंवा काहीच नाही, असे दोनच पर्याय समोर असतील, तर भला माणूस बहुतेक वेळा काहीच नाही हा पर्याय निवडतो. आणि ज्याला भलेपणाशी देणे-घेणे नाही असा हल्लेखोर हे पक्के जाणून असतो.

त्याच वर्षी 2 एप्रिलला केरळमध्ये त्रिशूरजवळ एर्नाकुलम–पाटणा एक्स्प्रेसच्या आरक्षित डब्यात विनातिकीट प्रवाशाला हटकणाऱ्या तपासनीसाला धावत्या गाडीतून ढकलून देण्यात आले. तो मरण पावला. तेथे कोणते कलम लावायचे याबद्दल वाद नव्हता. पण खून होईपर्यंतच्या पायऱ्या कोणत्या होत्या? आरक्षित डब्यात तिकीट नसलेला माणूस, एकटा तपासनीस, उघडा दरवाजा. या तिन्ही गोष्टी आज रात्री रायपूरहून सुटणाऱ्या गाड्यांतही असतील.

रेल्वे कायद्याचे कलम 139 या पार्श्वभूमीवर वाचण्यासारखे आहे. विनातिकीट माणूस भाडे देण्यास नकार देईल, तर अधिकृत कर्मचारी त्याला गाडीतून उतरवू शकतो आणि त्यासाठी इतर कोणालाही मदतीला बोलावू शकतो. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असा एक डबा असावा जेथे कर्मचाऱ्याने हाक मारल्यावर चार सभ्य प्रवासी उठून उभे राहतात. आजच्या डब्यात चार मोबाइल उठतात.

छत्तीसगडमधील परिस्थितीला आणखी एक पदर आहे आणि तो टाळून कर्मचाऱ्यांच्या संरक्षणाविषयी बोलणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. हा देशाचा कोळशाचा मार्ग आहे. मालगाड्यांना वाट देण्यासाठी आणि तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेच्या कामांसाठी येथील प्रवासी गाड्या वर्षानुवर्षे रद्द होत आल्या आहेत. एप्रिल 2022 मध्ये एकदम दोन डझनांच्या आसपास गाड्या महिनाभरासाठी रद्द झाल्या, तेव्हा तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी केंद्राकडे निषेध नोंदवला होता. ज्या गाड्या धावतात त्या उशिरा धावतात. महासमुंद आणि शेजारच्या ओडिशातील बलांगीरकडून वीटभट्ट्यांवर निघालेली मजुरांची कुटुंबे सामान्य डब्यात मावत नाहीत आणि शयनयानात शिरतात. त्या डब्यात आरक्षण करून बसलेला प्रवासी तपासनीसावर संतापतो, आणि ज्याला उतरायला सांगितले तो मजूरही. गाडी रद्द करण्याचा निर्णय घेणारा, डब्यांची संख्या ठरवणारा, मालगाडी पुढे काढणारा यांपैकी कोणीही त्या डब्यात नसतो. डब्यात असतो तो काळा कोट.

दुसरीकडे, त्याच काळ्या कोटाकडून वसुलीची अपेक्षा वाढत चालली आहे. मध्य रेल्वेने 2022-23 या वर्षात तिकीट तपासणीतून 300 कोटी रुपयांहून अधिक वसूल केले आणि तो विक्रम म्हणून जाहीर केला. प्रत्येक क्षेत्रीय रेल्वे असे आकडे अभिमानाने प्रसिद्ध करते. महसूल बुडू नये हे खरेच. मात्र वसुली वाढते म्हणजे वादाचे प्रसंगही वाढतात, रोख रक्कम घेऊन रात्रीच्या डब्यांतून फिरणेही वाढते. वसुलीचा आकडा जाहीर करणाऱ्या पत्रकात त्या वसुलीपायी किती कर्मचारी मारले-झोडपले गेले, हा दुसरा आकडा का नसावा? प्रत्येक विभागाने तो दर तिमाहीस प्रसिद्ध करावा: किती घटना, किती फिर्यादी, किती आरोपपत्रे, किती शिक्षा. यात गुप्त ठेवण्यासारखे काही नाही.

आता त्या माणसांकडे येतो, ज्यांच्याविषयी या चर्चेत कोणी बोलत नाही. वातानुकूलित डब्यात चादरी देणारा अटेंडंट, धावत्या गाडीत शौचालये धुणारा सफाई कामगार, पँट्रीतून जेवणाची ताटे आणणारा मुलगा. प्रवाशाशी सर्वाधिक संबंध यांचा येतो. चादर ओली निघाली, पाणी संपले, जेवण थंड आले की शिवी यांनाच. यांतील बहुसंख्य कंत्राटदाराचे नोकर आहेत. रेल्वे कायद्यातील व्याख्येनुसार केंद्र सरकारने किंवा रेल्वे प्रशासनाने नेमलेला माणूस म्हणजे रेल्वे कर्मचारी. कंत्राटदाराने नेमलेला माणूस त्या व्याख्येत बसतो असे म्हणणे अवघड आहे, आणि लोकसेवकाच्या व्याख्येत बसवणे त्याहून अवघड. मग त्याला मारले तर काय? संहितेचे कलम 115, साधी दुखापत, एक वर्षापर्यंत कैद, आणि मुख्य म्हणजे अदखलपात्र. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. चालत्या गाडीतल्या, उद्या दुसऱ्याच राज्यात असणाऱ्या कंत्राटी मुलासाठी याचा अर्थ एवढाच की, तक्रार नाही.

म्हणजे एकाच डब्यात, एकाच गणवेशसदृश शर्टात, दोन माणसे शेजारी उभी असतात. एकाला लागलेली थप्पड अजामीनपात्र असते आणि दुसऱ्याला लागलेली ठाण्याच्या वहीत अदखलपात्र म्हणून चार ओळींची नोंद. या भेदाला कोणतेही तार्किक समर्थन मला सापडत नाही. रेल्वे कायद्याच्या कलम 188 मध्ये एक मजेशीर गोष्ट आहे: जो रेल्वे कर्मचारी मुळात लोकसेवक नसेल, त्यालाही लोकसेवक मानावे असे ते सांगते, पण ते प्रामुख्याने लोकसेवकांच्या गैरवर्तनाविषयीच्या प्रकरणापुरते आणि विश्वासघाताच्या कलमापुरते. शिक्षा करण्यासाठी व्याख्या ताणता येते. संरक्षणासाठी ती कोणी ताणलेली नाही.

इतर क्षेत्रांत आपण काय केले ते पाहण्यासारखे आहे. वैद्यकीय सेवकांवरील हिंसेविरुद्ध छत्तीसगड आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी 2010 मध्येच स्वतंत्र कायदे केले. त्यांत डॉक्टर लोकसेवक आहे की खासगी रुग्णालयाचा नोकर, हा प्रश्न विचारला जात नाही; तो सेवा देत आहे एवढे पुरते. विमानसेवेचे उदाहरण तर मराठी वाचकांच्या चांगल्याच परिचयाचे. मार्च 2017 मध्ये उस्मानाबादचे तत्कालीन खासदार रवींद्र गायकवाड यांनी दिल्लीत एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारले. विमान कंपन्यांनी त्यांना बंदी केली. त्याच वर्षी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने गैरवर्तनाच्या तीन पातळ्या ठरवून प्रवासबंदीचे नियम आणले: शाब्दिक गैरवर्तनाला तीन महिन्यांपर्यंत, शारीरिकला सहा महिन्यांपर्यंत, जिवाला धोका निर्माण करणाऱ्याला किमान दोन वर्षे. बंदीच्या त्या दिवसांत खासदार महोदय दिल्लीहून कसे निघाले, हेही लक्षात असेल. रेल्वेने.

विमानाचा नियम रेल्वेला जसाच्या तसा लावावा, असे मी म्हणणार नाही. रेल्वे ही गरिबाची एकमेव लांब पल्ल्याची सवारी आहे. सामान्य डब्याचे तिकीट नाव विचारून दिले जात नाही आणि दिले जाऊही नये. आरक्षित तिकिटांची खिडकी मात्र ओळख विचारते. न्यायालयात दोष सिद्ध झाल्यानंतर ठरावीक मुदतीसाठी आरक्षण नाकारणे हा कैदेपेक्षा सौम्य, पण प्रत्यक्षात लागू होण्याची अधिक शक्यता असलेला उपाय आहे. मुंबईच्या त्या प्रवाशाबाबत असा मधला पर्याय उपलब्ध असता, तर कदाचित निरीक्षकाने फिर्याद दिली असती.

परदेशांतही शिक्षा भरमसाट वाढवण्यापेक्षा व्याप्ती वाढवण्याकडे कल आहे. कॅनडाने 2015 मध्ये सार्वजनिक वाहतुकीच्या वाहनाचा चालक कामावर असताना त्याच्यावर झालेला हल्ला ही शिक्षा ठरवताना गंभीर बाब मानावी, असा बदल केला. ब्रिटनने 2022 मध्ये हेच तत्त्व जनतेला सेवा देणाऱ्या सर्वांना लागू केले; तेथे दुकानातील विक्रेताही आला आणि रेल्वेचा कर्मचारीही.

आपल्याकडे रेल्वे कायद्यात स्वतंत्र कलम हवे, असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे शिक्षेपेक्षा कार्यपद्धतीची आहेत. असे कलम रेल्वे कायद्यात असेल तर सुरक्षा दलाला डब्यातच कारवाई करता येईल, आणि कलम 182 मुळे आरोपी जेथे सापडेल तेथे खटला चालू शकेल. दरेकसा की बोरतलाव हा वाद उरणार नाही. संरक्षणाची कसोटी नेमणूक कोणी केली ही नसावी, तर तो माणूस त्या क्षणी रेल्वेच्या कामावर होता का ही असावी. त्यात कंत्राटी कामगार येईल, फाटकावरचा गेटमनही येईल. शिक्षा तीन वर्षांपुढे नेण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेशकुमार प्रकरणात सांगितले आहे. त्यामुळे दोनची पाच वर्षे केल्याने कोणी अधिक तातडीने गजाआड जातो असे नाही.

यावरचा एक आक्षेप मला वजनदार वाटतो. सुरक्षा दल हे रेल्वेचेच अंग आहे. तपासनीस आणि प्रवासी यांच्या वादात तपासनीसाचाच सहकारी चौकशी करणार असेल, तर पैसे उकळल्याची किंवा अपमान केल्याची प्रवाशाची तक्रार कोण ऐकणार? अशा तक्रारी खोट्या असतात असे म्हणण्याचे धाडस रेल्वेने नियमित प्रवास करणारा कोणी करणार नाही. म्हणून इजा झालेली प्रकरणे राज्याच्या पोलिसांकडेच राहावीत आणि प्रवाशाची उलट तक्रार त्याच ठाण्यात, त्याच वेळी नोंदवली जावी. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने 2023 मध्ये तपासनीसांच्या अंगावर कॅमेरे लावण्याचा प्रयोग सुरू केला. तो दोन्ही बाजूंना उपयोगी आहे. मात्र त्यातील चित्रण किती दिवस ठेवायचे आणि प्रवाशाने मागितल्यास ते द्यायचे का, हे नियमात लिहिलेले असले पाहिजे. नाही तर कॅमेरा गरजेनुसार बंद पडतो, हा आपल्या ठाण्यांतला अनुभव डब्यातही येईल.

संसदेची वाट न पाहता दक्षिण पूर्व मध्य रेल्वेला एक गोष्ट आजच करता येईल. अटेंडंट, सफाई आणि खानपान यांच्या पुढच्या प्रत्येक कंत्राटात दोन ओळी घालाव्यात: कामावरील मारहाणीची फिर्याद कंत्राटदाराने चोवीस तासांत द्यावी आणि साक्षीसाठी न्यायालयात गेलेल्या दिवसाची मजुरी कापू नये. चादर किती अंशांवर धुवायची, हे कंत्राटात लिहिता येते, तर हेही येईल.